आठ महिने फ्लोट टँक: मीठ, अंधार आणि तीन नंबरचा थेंब

फ्लोट टँक म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याची झाकणाची अंधारी पेटी, तिच्यात तासभर तरंगत पडायचं. गेल्या आठवड्यात त्या टँकमधून कुडकुडत बाहेर आले, म्हणून हे लिहायला बसले. हीटर बंद पडला होता. पाणी ३४-३५ अंशांवर असलं तरच ते अंगाला जाणवेनासं होतं. जरा उतरलं की हुडहुडी भरते. पैसे परत मागितले, तर काउंटरवरच्या मुलाने पुढच्या फ्लोटसाठी क्रेडिट दिलं, तेही साठ दिवसांत वापरायचं. दरमहा ६९ डॉलर भरते मी. बिघाड त्यांचा आणि मुदत मला!

आम्ही अमेरिकेत, ऑरेगनमधल्या बीव्हर्टनला राहतो. शेजारच्या पोर्टलंडमध्ये फ्लोटवाल्यांचं संमेलन बरीच वर्षं भरायचं, त्यामुळे इथे हे प्रकरण नवीन नाही. सांगलीत आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, पैसे मोजून अंधारात पडायचं? इथे लोडशेडिंगमध्ये फुकट मिळत होतं." नवऱ्याचं म्हणणं, एप्सम सॉल्टची (टँकमध्ये घालतात ते मीठ, मॅग्नेशियम सल्फेट) पिशवी आण आणि घरच्या टबात पड. पण वीतभर पाण्यात चारशे-पाचशे किलो मीठ विरघळवतात तेव्हा कुठे अंग तरंगतं. टबात पिशवी ओतून पाय शेकतात फार तर.

आता मुख्य तक्रार. तीन नंबरचा टँक गळतो. गळतो म्हणजे झाकणाला आतून वाफ धरते आणि थेंब पडतो. नेमका कपाळावर. महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात ना, तशी मी खाली पिंडी. पहिल्यांदा दचकून हाताने पुसला आणि हाताचं मीठ डोळ्यात गेलं. अंधारात साध्या पाण्याची स्प्रेची बाटली चाचपडत सापडेपर्यंत जी आग झाली, त्यात कसली शांतता! (कांदा चिरताना बोटाला लागलं असेल तर व्हॅसलीन फासून जा. वॅक्सिंग केलं असेल तर त्या दिवशी जाऊच नका.)

पहिले तीन महिने माझं मत ठाम होतं: मेंबरशिप वाया. झाकण बोटभर उघडं ठेवा म्हणाले, तर फटीतून गार हवा. मग जूनमध्ये एकदा लक्षात आलं की वीस मिनिटं झाली, थेंब पडलेलाच नाही आणि तरी मी खांदे आवळून, दात दाबून त्याची वाट बघतेय. रात्री सांगलीहून फोन आला की उचलायच्या आधी मी अशीच होते. मुलाच्या शाळेची ईमेल उघडतानाही. इतकी वर्षं मी याला 'काळजी घेणं' म्हणत होते.

त्या दिवशी खांदे सोडले. त्यानंतरचा अर्धा तास आठवत नाही, म्हणजे झोप लागली असावी. हल्ली फोन वाजला की आधी जबडा तपासते. सवय सुटली म्हणणार नाही, पण लवकर पकडते. फ्लोटच्या रात्री झोपही सलग लागते. दुसऱ्या रात्रीपर्यंत ओसरते, हेही खरं.

आत गेलं की साक्षात्कार होतो वगैरे मला काही झालं नाही. जॉन लिली या डॉक्टरने १९५४ मध्ये पहिला टँक केला, तो मेंदूला बाहेरून काहीच मिळालं नाही तर काय होतं हे बघायला. तेव्हा मीठही नव्हतं, डोक्यावर मुखवटा घालून पाण्यात बुडून राहायचं. अमेरिकेतल्याच टल्सामध्ये २०१८ साली चिंता आणि ताणाचे विकार असलेल्या पन्नास जणांवर झालेल्या अभ्यासात तासाभराच्या एका फ्लोटनंतर चिंता कमी झालेली दिसली. पण फ्लोट न केलेला गट तुलनेला नव्हता आणि पुढच्या आठवड्यांचं त्यात काही नाही. माझं चालू औषध मी बंद केलेलं नाही, तुम्हीही करू नका.

मेंबरशिप डिसेंबरपासून बंद करतेय. दोन महिन्यांतून एकदा सुटं तिकीट काढलं तरी माझं भागेल. क्रेडिटची मुदत मात्र मी फुकट घालवणार नाही. कालच फोन केला, तर दोन नंबरचा टँक आधीच बुक झालेला. तीन नंबर घेतलाय, रविवारी सकाळी साडेनऊचा.