२५ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर), एक वर्ष वापरून मग लिहायलेय

गेल्या दसऱ्याला घेतला, परवा दुसरा दसरा झाला, त्यामुळं बॉक्स उघडला, मस्त दिसतोय, पाच स्टार, असला हा रिव्ह्यू नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. २५ लिटरचा, १६०० वॅट, आत फॅन नाही, वर दोन रॉड, खाली दोन, समोर तीन बटणं, बस. नांदेडात वजिराबादमधल्या एका दुकानातून घेतला आणि दुकानदार खरंच चांगला निघाला, पैसे घ्यायच्या आधीच म्हणे, "ताई, किचनमध्ये पॉवर प्लग हाय ना?" मला वाटलं आता हा बोर्ड पण गळ्यात मारायलाय. पण त्याचं बरोबर होतं, १६०० वॅट म्हणजे जवळपास ७ अँपिअर होतात आणि मिक्सरचा साधा पॉइंट असतो ६ चा. तुमच्याकडं १६ अँपिअरचा पॉइंट नसेल तर ओव्हनच्या आधी वायरमनला बोलवा.

घेतला होता केकसाठी. केक झाले पाच-सहा, मग पोरांची हौस फिटली. आता हा मुख्यतः एकाच कामाला निघतो, दसरा उलटला की सकाळचा नाश्ता: मसाला लावून भाजलेलं सफरचंद आणि वर ज्वारीचा खरपूस चुरा. मूळ प्रकार थंडीच्या देशांतला, तिकडं मैदा-लोणी घालून करतात आणि जेवणानंतर गोड म्हणून खातात, ओट्स घालून नाश्त्याला पण करतात. आपल्याकडं ऑक्टोबरची दुपार म्हणजे डोकं तापवणारी, पण कोजागिरीच्या आसपास पहाटे पायाशी पडलेली चादर वर ओढावी लागते बघा, तेवढ्याच दिवसांत गाड्यांवर काश्मीरचं सफरचंद बक्कळ येतं आणि तेव्हाच हे खायला मजा.

तर ओव्हनचा पहिला दोष. डायल खोटं बोलतो. पहिल्या वेळेला पुस्तकात लिहिल्याप्रमाणं १८० वर ठेवलं, २० मिनिटांत वरचा चुरा काळा ठिक्कर आणि खाली सफरचंद कचकच कच्चं. मग एक ओव्हन थर्मामीटर मागवला, आत टांगला, तर डायल १८० आणि आत २०५! आता मी १६० वर लावते आणि सुखात आहे. तुमच्या मशीनचा फरक वेगळा असेल, पण एकदा थर्मामीटर ठेवून बघाच. दुसरं म्हणजे मागची बाजू जास्त तापते, फॅन नसल्यानं गरम हवा फिरत नाही, म्हणून अर्ध्या वेळेला भांड्याची मागची बाजू पुढं फिरवायची. आणि दाराचा दांडा गरम होतो, फडकं घेतल्याशिवाय हात लावू नका, माझ्या बोटावर अजून डाग आहे.

करायचं कसं ते पण सांगते, नाहीतर ओव्हन घेऊन काय उपयोग. तीन सफरचंदं सालासकट बोटाएवढ्या फोडी करून, लिंबू पिळून, त्यात एक चांगलं पिकलेलं केळं कुस्करायचं. आमच्याकडं अर्धापूरची केळी, त्यामुळं साखर लागतच नाही. अर्धा चमचा दालचिनी, जायफळ किसणीवर चार-पाच वेळा, चिमूटभर सुंठ, एक लवंग कुटून. दालचिनी बघून घ्या, किराणात बहुतेक मिळते ती जाड साल, झाडाच्या ढलपीसारखी, ती तिखट असते, हात आखडता घ्या. श्रीलंकेची पातळ असते, विडीसारखे पदर गुंडाळलेली, ती गोडसर, ती घातली तर पाऊण चमचा चालेल. चुऱ्याला एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी ओट्स, अर्धी वाटी किसलेला गूळ, मीठ, आणि फ्रीजमध्ये घट्ट केलेलं तूप चार चमचे. नुसत्या बोटांनी चोळायचं, ओल्या वाळूसारखं होतं. मैदा जास्त चोळला की चिवट होतो, ज्वारीत ग्लुटेन नाही त्यामुळं ती भीतीच नाही, गप्पा मारत चोळा. आधी १० मिनिटं ओव्हन तापवून मधल्या जाळीवर ३५ मिनिटं, वरून फॉइल, शेवटची १० मिनिटं फॉइल काढून. काचेच्या भांड्यात केलं तर कडेनं गुळाचा पाक बुडबुडे काढत वर येतो आणि काचेला चिकटून चिक्कीसारखा होतो, त्या कडेवरून घरात रोज भांडणं.

आमच्या आत्या (सासूबाई) पहिल्या दिवशी म्हणाल्या, "एवढी लाईट जाळून सफरचंदाचा शिरा करायलीस व्हय?" लाईटीचं म्हणाल तर थर्मोस्टॅटमुळं रॉड सारखा चालू राहत नाही, एका वेळेला साधारण एक युनिट धरा. पण खाल्ल्यावर त्याच म्हणाल्या निस्तं खाऊ नको, आणि फ्रीजमधली दुधाची साय आणून वर टाकली. गरम फळ आणि थंडगार साय. तेव्हापासून सायीशिवाय होत नाही.

एक चूक तुम्ही करू नका, सीताफळ. बीडचं, जीआय टॅगवालं, पाहुण्यांनी पिशवीभर आणलेलं, मी हौसेनं गर काढून दालचिनी घालून भाजला, कडू! सगळं भांडं फेकलं. नंतर कळलं की सीताफळाचा गर जास्त तापला की कडू पडतो, त्याची बासुंदी करताना पण गर दूध गार झाल्यावर घालतात ते उगं नाही. पेरू मात्र छान भाजला जातो, बिया काढायचा कंटाळा नसेल तर.

आता खरी तक्रार. जूनमध्ये, पोराच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी खालचा एक रॉड गेला. फोन केला तर म्हणे वॉरंटी एक वर्षाची आहे पण रॉड त्यात येत नाही, आणि नांदेडात सेंटर नाही, तुम्ही कुरिअर करा. १६०० वॅटचं धूड कुरिअर? तीन आठवडे फोनाफोनी झाली, शेवटी गल्लीतल्या मोटार वाइंडिंगवाल्या मामांनी तसलाच रॉड शोधून अर्ध्या तासात बसवून दिला. तोच अजून चालायलाय.

माझ्याकडून साडेतीन स्टार, अर्धा दाराच्या दांड्याचा कापला आणि एक सर्व्हिसचा. घेणार असाल तर फॅनवाला बघा, थोडे पैसे जास्त गेले तरी. आणि भांड्याखाली ट्रे ठेवायला विसरू नका, माझा पाक एकदा खालच्या रॉडवर सांडला तर दोन दिवस ओव्हन लावला की घरभर धूर आणि शेजारच्या काकू विचारायला आल्या, काय जळायलंय म्हणून.