ईआरओएफएस (लिनक्सची कॉम्प्रेस्ड फाइलसिस्टम) वापरून पाहिली, कॅश स्ट्रॅटेजी, म्हणजे वाचलेल्यातलं काय मेमरीत ठेवायचं, कुठली ठेवायची?

आधीच सांगतो, तीन पर्यायांतला रीडअराउंड ठेवा आणि विसरून जा. ज्याला खोलात जायचंय त्याने पुढे वाचा.

ही हुआवेईने काढलेली रीड-ओन्ली (फक्त वाचायची) फाइलसिस्टम, २०१९ मध्ये लिनक्स कर्नल ५.४ ला स्टेजिंगमधून (कर्नलमधला अजून कच्च्या कोडचा विभाग) बाहेर आली, आता बऱ्याच अँड्रॉइड फोनांतही असते. मी जुन्या नेटबुकवर एसडी कार्डातून रूट इमेज (अख्खी सिस्टम असलेली एकच फाइल) चालवायला घेतली. आधी स्क्वॉशएफएस होतं, अशीच जुनी फाइलसिस्टम, त्यात डिफॉल्ट १२८ केबीचा ब्लॉक दाबतात (कॉम्प्रेस करतात), म्हणजे ४ केबी हवे असले तरी अख्खा ब्लॉक उघडा. ईआरओएफएसमध्ये उलटं, दाबून झालेला तुकडाच ठरलेल्या मापाचा.

आता माउंटचे (इमेज सिस्टमला जोडतानाचे) तीन पर्याय: डिसेबल्ड, रीडअहेड, रीडअराउंड. कर्नलचं नेहमीचं रीडअहेड, म्हणजे पुढचा डेटा आधीच वाचून ठेवणं, वेगळं बरं का, त्याचा आकडा रीड_अहेड_केबी या सेटिंगमध्ये असतो, बहुतेक ठिकाणी १२८. इथे प्रश्न एवढाच की वाचताना टोकाचा जो तुकडा अर्धवटच लागला त्याचा कॉम्प्रेस्ड डेटा मेमरीत ठेवायचा की नाही. डिसेबल्ड काहीच ठेवत नाही, रीडअहेड फक्त शेवटचा अर्धवट तुकडा ठेवतं, रीडअराउंड दोन्ही टोकांचे. मधले पूर्ण तुकडे तिन्हीत जागच्या जागी उघडतात, म्हणजे उघडलेला डेटा जिथे जाणार त्याच पेजेसमध्ये (मेमरीच्या तुकड्यांत) आधी कॉम्प्रेस्ड डेटा वाचतात, जादा मेमरी जवळजवळ लागतच नाही. एक नंबर डोकं लावलंय!

मोठी फाइल सलग वाचली तर रीडअहेड काय नि रीडअराउंड काय, मला तरी फरक जाणवला नाही. पण प्रोग्राम उघडताना पेज फॉल्ट (हवा तो डेटा मेमरीत नसल्याने डिस्कवरून आणावा लागणं) कधी पुढे कधी मागे पडतात, तिथे सुरुवातीचं टोकही कॅशमध्ये असलेलं बरं पडतं, आणि डिफॉल्टही तेच आहे. डिसेबल्ड फक्त रॅमची खरंच मारामार असेल तर. आणि कॅशमध्ये दाबलेलाच डेटा असतो, त्यामुळे कार्डापर्यंतचा हेलपाटा वाचतो, सीपीयूचं काम नाही वाचत. फास्ट एसएसडीवाल्यांनी यात फार वेळ घालवू नये.

खरा फरक इमेज बनवतानाच पडतो. क्लस्टर (वर म्हटलेला दाबलेला तुकडा) डिफॉल्ट ४ केबीचा, कर्नल ५.१३ पासून १ एमबीपर्यंत वाढवता येतो, इमेज लहान होते पण इकडून-तिकडून थोडंथोडं वाचणं महागात जातं, मी ६४ केबीवर थांबलो. टेस्ट करताना दर वेळी ड्रॉप_कॅशेस करा, म्हणजे मेमरीतली कॅश रिकामी करा, नाहीतर तिन्ही पर्याय सारखेच फास्ट दिसतील.