फवारणी ब्लोअरचा ब्रॅकेट: ग्लास भरलेलं नायलॉन की लांब तंतूंचं पीपी?

द्राक्षबागेत ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या ब्लोअरचा लोखंडी ब्रॅकेट प्लास्टिकमध्ये काढायचा ठरला, की नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या मोल्डिंगवाल्यासमोर बहुतेक वेळा दोनच पर्याय उरतात: ३०% आखूड काचतंतूंचं नायलॉन ६६ किंवा ४०% लांब काचतंतूंचं पॉलिप्रोपिलीन (पीपी).

डेटाशीट शेजारी-शेजारी ठेवल्या तर नायलॉन सहज जिंकतं. त्याची ताणशक्ती १८५-१९० मेगापास्कल, पीपीची ११० ते १२०. पण नायलॉनचा हा आकडा मोल्डमधून नुकत्याच निघालेल्या कोरड्या नमुन्याचा असतो. हवेतला ओलावा मुरला की तो १३०च्या आसपास येतो. शिवाय ब्रॅकेट एका झटक्यात ओढून तुटत नाही. बोल्टच्या भोकाशी, टोकदार कोपऱ्यात किंवा वेल्ड लाइनवर (साच्यात वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह जुळतात त्या रेषेवर) बारीक भेग पडते आणि खड्ड्यांच्या धक्क्यांनी ती पुढे सरकते. त्यामुळे या कामाला भेगेला होणारा विरोध, म्हणजे फ्रॅक्चर टफनेस, जास्त महत्त्वाचा.

नायलॉनमध्ये तो ऋतूप्रमाणे बदलतो. कोरडं नायलॉन ६६ साधारण ७०-८० अंशांखाली काचेसारखं ताठ असतं. पाणी मुरलं की ही सीमा खोलीच्या तापमानाकडे सरकते आणि पूर्ण भिजलं की शून्याखाली जाते. म्हणजे पावसाळा पाहिलेला पार्ट लवचिक आणि धक्का सोसणारा, तर ताजा पार्ट ठिसूळ. तीन-चार मिलिमीटर जाडीत हवेतला ओलावा मुरायला महिने लागतात. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर मोल्ड करून लगेच बसवलेला ब्रॅकेट जानेवारीत, निफाडचा पारा पाच अंशांजवळ असताना, अजून अर्धवट कोरडाच असू शकतो.

इथे आकडे वाचताना घोळ होतो. ओलाव्याने नायलॉनची आघातऊर्जा वाढते, पण मटेरियल मऊ झाल्याने हळू भार देऊन मोजलेला, मेगापास्कल-वर्गमूळ-मीटरमधला फ्रॅक्चर टफनेसचा आकडा खाली येऊ शकतो. म्हणून एकाचा चार्पी (पट्टीवर हातोडा आपटून मोजलेली आघातऊर्जा) आणि दुसऱ्याचा आयएसओ १३५८६ (फ्रॅक्चर टफनेसची चाचणी) अशी तुलना करूच नका. पहिली चाचणी हातोड्याच्या वेगाची, दुसरी सावकाश भाराची.

लांब तंतूंच्या पीपीला पाण्याचा जवळजवळ काही फरक पडत नाही. थंडीची भीती मात्र वाटते, कारण साधं पीपी शून्याच्या आसपास ठिसूळ होतं. पण या मटेरियलमध्ये भेग अडवण्याचं मोठं काम तंतू करतात. भेग पुढे जायची तर तिला तंतू राळेतून ओढून काढावे लागतात आणि त्या घर्षणात ऊर्जा खर्च होते. तंतू जितका लांब, तितकं हे ओढणं महाग. त्यामुळे थंडीतही चिवटपणा बराचसा टिकतो. नॉच केलेल्या, म्हणजे पट्टीला आधी खाच पाडलेल्या, चार्पीत हे मटेरियल वीस किलोजूल प्रति चौरस मीटरच्या आसपास किंवा वर जातं. कोरडं नायलॉन दहा-बाराला थांबतं.

मात्र हा फायदा मशीनवरच गमावता येतो. कच्च्या मालाच्या दाण्यातला तंतू १०-१२ मिलिमीटरचा असतो. अरुंद गेट (प्लास्टिक साच्यात शिरण्याचं तोंड), जास्त बॅक प्रेशर (स्क्रू मागे सरकताना त्याला दिलेला विरोधी दाब) आणि वेगात फिरणारा स्क्रू त्याचे तुकडे करतो. मग पैसे लांब तंतूचे आणि पार्ट आखूड तंतूचा. पार्टचा तुकडा भट्टीत जाळून उरलेली काच भिंगाखाली पाहा, लगेच कळतं. गेट कुठे ठेवता तेही तितकंच मोलाचं, कारण भेग तंतूंना आडवी गेली तर अडते, समांतर गेली तर वाट मोकळी.

बागेतल्या ब्रॅकेटसाठी माझं मत स्पष्टपणे लांब तंतूंच्या पीपीकडे आहे. आम्लयुक्त फवारणी द्रावणं नायलॉनला त्रास देतात, पीपीला सहसा नाही, आणि वजनही कमी: घनता १.२२, नायलॉनची १.३६. पार्ट इंजिनाला चिकटून बसणार असेल आणि शंभर अंशांच्या वर तापणार असेल, तर नायलॉनच घ्या. तिथे पीपी मऊ पडतं आणि सततच्या भाराखाली हळूहळू वाकतं.

ऑर्डर देण्याआधी सप्लायरच्या नमुन्यांवर न थांबता स्वतःच्या पार्टमधून, वेल्ड लाइनजवळून आणि तिच्यापासून दूर, पट्ट्या कापून तपासा: पाच अंशांवर आणि साठ अंशांवर. नायलॉन असेल तर एक संच कोरडा ठेवा आणि दुसरा आयएसओ १११०प्रमाणे ७० अंश, ६२% आर्द्रतेत मुरवून घ्या.