‘काका, ग्रॅव्हिटी डाऊन आहे’

माण तालुक्यात आमचं घर. छतावर सोलर, जिन्याखाली दीडशे एएच क्षमतेच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या. चार वर्षं झालेली. बॅकअप जरा कमी झाला होता, पण पंखे आणि दिवे रात्रभर निघायचे.

मे महिन्यात दोघं मोटारसायकलवर आले. ‘बॅटरी चेकिंग फ्री.’ गळ्यात ओळखपत्रं. त्यावर काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही.

दोघांतल्या थोरल्याने बॅटरीची झाकणं उघडली. पाणी खरंच खाली गेलं होतं, लाल फ्लोट बसले होते, माझाच आळस. त्याने कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर ओतलं आणि लगेच हायड्रोमीटरची, म्हणजे ॲसिडची घनता (‘ग्रॅव्हिटी’) मोजायची, पिचकारी ओढली. काचेतला काटा तळाला. ‘काका, ग्रॅव्हिटी डाऊन आहे. सेल गेले. आता इन्व्हर्टरपण घेऊन जातील.’

सगळा डाव इथेच. नवं पाणी ॲसिडपेक्षा हलकं, ते वरच राहतं आणि पिचकारीत तेच येतं. बॅटरी पूर्ण चार्ज होताना बुडबुडे सुटतात तेव्हा कुठे ते खाली मिसळतं. म्हणून ग्रॅव्हिटी बघायची ती पाणी घालण्याआधी, नाहीतर पाणी घालून, फुल चार्ज करून, दोन-तीन तास थांबून. चांगली ट्युब्युलर तेव्हा 1240 च्या आसपास दाखवते, सहाही सेलमध्ये, म्हणजे कप्प्यांमध्ये, साधारण सारखी. एकच सेल फार मागे असेल तर शंका घ्यावी. याची उलटी युक्तीही चालते म्हणे: मेलेल्या बॅटरीत वरून ॲसिड ओतायचं, आकडा छान येतो, प्लेटा मात्र खाल्ल्या जातात. घरी पाण्याशिवाय काहीही घालू नका, आणि ते नळाचं तर नाहीच.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. संध्याकाळी ‘नवीन’ दोन आल्या, अकरा हजारांना एक. जुन्यांचे अडीच-अडीच हजार वजा. सतरा हजार रोख दिले, पावती ‘उद्या व्हॉट्सॲपवर’.

जुन्या नेताना दोघांनी मिळून एकेक उचलली, तोंडं वाकडी करत. नवीन मात्र धाकट्याने एकट्याने, एका दमात आत आणून ठेवली. मी बघत होतो हो! बायको म्हणालीही, ‘अहो, हलकी दिसतेय.’ शिसं कमी, तर वजन कमी, एवढं साधं गणित. मी म्हटलं, नवीन टेक्नॉलॉजी असेल.

आठवडाभरात रात्री दहालाच इन्व्हर्टर बोंबलायला लागला. वायरमनने कवच नखाने खरवडलं, तर नव्या रंगाखाली जुना रंग. सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी नोंदणीत टाकला, तर तो आधीच कोणाच्या तरी नावावर. माझ्या जुन्यांचा नंबर मी कधी लिहूनच ठेवला नव्हता, त्यामुळे पोलिसांना द्यायला हातात काहीच नाही. भंगारातही माझ्या जुन्या दोन्हींचे त्या पाच हजारांहून जास्त आले असते, हे नंतर कळलं.

फोन अजून लागतो. कोणी उचलत नाही.