व्हिसासाठी ‘वॉलेट व्हेरिफाय करा’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

थायलंडच्या डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) या व्हिसाला क्रिप्टो चालतं, असं सांगून माझ्या धाकट्या भावाची जवळपास सगळी पुंजी लुटली गेली. पुण्यातली आयटीतली बरीच मुलं सध्या या व्हिसाच्या मागे आहेत, म्हणून त्याला विचारून हे लिहिते आहे.

हा व्हिसा जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. मुदत पाच वर्षांची, एका प्रवेशावर १८० दिवस राहता येतं. परदेशात राहून लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी सोयीचा. जड अट पैशांची: किमान ५ लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे आपले साधारण तेरा-चौदा लाख. भावाकडे तेवढे होते, पण बाहेरच्या क्लायंटकडून मिळालेले, यूएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरशी किंमत बांधलेल्या क्रिप्टोमध्ये.

टेलिग्रामवर त्याला एक ‘व्हिसा कन्सल्टंट’ भेटला. अस्खलित मराठी बोलायचा. क्रिप्टो विकलं की १ टक्का टीडीएस कापतात, पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या व्यक्तीला विकलं तर समोरच्याच्या काळ्या पैशापायी आपलं खातं गोठवलं जाऊ शकतं, अशी भीती त्याने आधी घातली. यातलं काहीच खोटं नाही, आणि विश्वास बसतो तो तिथेच. मग म्हणाला, पैसे हलवूच नका, आम्ही वॉलेटचं, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या अ‍ॅपचं, ‘प्रूफ ऑफ फंड्स सर्टिफिकेट’ (पैसे असल्याचा दाखला) काढून देतो. दाखला म्हणून दुबईची बातमी पाठवली: टॉनकॉइन या क्रिप्टोत पैसे गुंतवा, दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळवा. जुलै २०२५ मधल्या त्या दाव्याचं यूएईच्या सरकारी यंत्रणांनी लगेच जाहीर खंडन केलं होतं. ते मात्र त्याने पाठवलं नाही.

आता पुढचं नीट वाचा. त्याने एक रुपयाही मागितला नाही. सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट उघडणारे गुप्त शब्द, मागितली नाही, उलट ‘ती कुणालाच देऊ नका सर’ असं बजावलं. फक्त एक लिंक दिली. वॉलेटमधल्या ब्राउझरमध्ये ती उघडायची, वॉलेट जोडायचं, ‘व्हेरिफाय’ दाबायचं. स्क्रीनवर ट्रॉन नेटवर्कची (भावाचे यूएसडीटी ज्या ब्लॉकचेनवर होते तिची) किरकोळ फी तेवढी दिसत होती, यूएसडीटी कुठे जाताना दिसत नव्हते. खाली बारीक अक्षरांत ‘अप्रूव्ह’ आणि रकमेच्या जागी ‘अनलिमिटेड’. म्हणजे या वॉलेटमधले यूएसडीटी हवे तेव्हा, हवे तितके काढून घ्यायची परवानगी दुसऱ्या पत्त्याला देणारी ती सही होती. थोड्या वेळाने शिक्का आणि क्यूआर कोड असलेलं सुबक सर्टिफिकेट आलं. रात्रीत वॉलेट रिकामं झालं.

ट्रॉनसारख्या ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक खातेवहीत, कुठल्याही पत्त्याची शिल्लक जगात कुणालाही बघता येते. त्यासाठी वॉलेट जोडावं लागत नाही, कुठे सही करावी लागत नाही. जो जोडायला सांगतो त्याला शिल्लक बघायची नसते.

आणि मुळात त्या कागदाला किंमतच नव्हती. भारतातून हा अर्ज १ जानेवारी २०२५ पासून थायलंड सरकारच्या ई-व्हिसा साइटवर आपला आपण करता येतो. आर्थिक पुरावा म्हणून तिथे बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा अशी कागदपत्रं मागतात. क्रिप्टो असेल तर एफआययूकडे (केंद्र सरकारचं फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट) नोंदणी असलेल्या एक्सचेंजवर विका, विक्रीचे कागद जपा, आणि रक्कम अर्जाच्या बरीच आधी स्वतःच्या खात्यात आणून ठेवा. कापलेला टीडीएस रिटर्न भरताना हिशेबात धरला जातो. त्या एका टक्क्याला घाबरून सगळी रक्कम गेली, याचा मला फार संताप येतो.

असं घडलंच तर उजाडायची वाट बघू नका. १९३० वर फोन करा, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक) जोडा. पोलिसांच्या विनंतीवरून यूएसडीटी काढणारी टिथर कंपनी चोराच्या पत्त्यातले यूएसडीटी गोठवू शकते, पण ते तिथे असेपर्यंतच. भावाचे तोवर पुढे गेले होते. ट्रॉनचे व्यवहार दाखवणाऱ्या ट्रॉनस्कॅन या साइटवर जाऊन जुनी अप्रूव्हल्सही (दिलेल्या परवानग्या) रद्द करा, नाहीतर त्याच वॉलेटमध्ये नवे पैसे आले की तेही जातील.

तक्रारीनंतर ‘पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असे मेसेज सुरू झाले. तेही भामटेच. आणि तो कन्सल्टंट आता दुसऱ्या नावाने पोर्तुगालच्या व्हिसासाठी हेच सर्टिफिकेट विकतो आहे, मजकूर शब्दशः तोच. कुणाला तो मेसेज आला असेल तर डिलीट करू नका, स्क्रीनशॉट आणि लिंकसकट सायबर पोलिसांकडे द्या.