स्टँडवरची सायकल की कुठेही सोडायची?

मैत्रीण नगरपालिकेच्या सायकल समितीवर आहे. भाड्याच्या सायकली कशा घ्याव्यात यावर तिचं घोडं अडलंय.

खर्चात स्टँडवाली महागच. पॅरिसनं 2007 मध्ये वेलिब ही स्टँडवरच्या भाड्याच्या सायकलींची सेवा आणली तेव्हा जागोजागी कुलपाचे खांब रोवावे लागले. मोबाइलनं क्यूआर कोड टिपून उघडायची आणि कुठेही सोडायची, तिला फूटपाथ पुरतो (म्हणजे चालणाऱ्यांची जागा!). चीनमध्ये अशाच सायकलींचे डोंगर साचले. 2018 च्या डिसेंबरात बीजिंगमध्ये ओफो या अशाच सायकल कंपनीच्या कचेरीबाहेर अनामत परत मागणाऱ्यांची रांग होती.

दुकानदारांचं काय? मोबाइक या कुठेही सोडायच्या चिनी सायकलीचे टायर भरीव होते, पंक्चरच नाही. चौकातला पंक्चरवाला बसला हात चोळत. स्टँडवालीची दुरुस्ती निदान स्थानिक दुकानाला देता येते, करारात तसं लिहून घेतलं तर.

शहरभर, रोज स्टेशन गाठायला स्टँडवाली. कॉलेजच्या बंद आवारात दुसरी खुशाल आणावी.