लॉक-टू-लॉक फेरे मोजले आणि तिथेच फसलो

घरी गाडी बांधणाऱ्या आणि आता तिचं स्टिअरिंग जलद करू पाहणाऱ्या प्रत्येकाने पैसे पाठवण्याआधी हे वाचावं. मला ज्याने फसवलं त्याने मला मोजायला लावलं, माझ्याच तोंडून "बरोबर आहे" वदवून घेतलं आणि मग उरलेले पैसे घेतले. त्यामुळे आपण फसलोय हे कळायला मला दोन महिने लागले, आणि कळलं तेव्हा गाडी माझ्या हातातून सुटलेली होती.

माझी गाडी लोटस सेव्हनच्या धर्तीची आहे. नळ्यांची चौकट, दोन सीट, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. 1957 साली आलेल्या त्या गाडीची मांडणी इतकी साधी की आजही जगभर लोक तिच्यावरून आपापल्या गाड्या बांधतात. रॅक मात्र बहुतेक जण एखाद्या जुन्या कौटुंबिक गाडीचा काढून बसवतात. रॅक म्हणजे एका घरात बसवलेली दातेरी दांडी. स्टिअरिंग फिरवलं की पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक तिला डावी-उजवीकडे सरकवतं आणि पुढची चाकं वळतात. माझा दुसऱ्या पिढीच्या फोर्ड एस्कॉर्टचा होता. त्याचं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत (लॉक-टू-लॉक) फिरवायला साडेतीन फेरे लागतात. वजनदार गाडी हळू पार्क करायला ते ठीक आहे. एवढ्याशा हलक्या गाडीत मात्र प्रत्येक घट्ट वळणावर हातांची कैची होते. माझ्या गाडीत स्टिअरिंगला एक पूर्ण फेरा दिला की पुढची चाकं जेमतेम 20-21 अंश वळायची. मागचा भाग घसरायला लागला की हात पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा.

याच एस्कॉर्टसाठी 2.4 फेऱ्यांचे जलद रॅक मिळतात. रॅलीवाले ते कित्येक वर्षं वापरत आले आहेत. बाहेरचं घर तेच, चौकटीवर बसवायची जागा तीच, आतल्या दोन बॉल जॉइंटमधलं (दांडीच्या टोकांवरच्या फिरत्या सांध्यांमधलं) अंतरही तेच. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. ते अंतर बदललं तर चाक खड्ड्यात वरखाली होताना आपोआप वळायला लागतं आणि गाडी सरळ रस्त्यावरही भरकटते. म्हणून दुसऱ्याच कुठल्या गाडीचा रॅक ठोकून बसवण्यापेक्षा हा मार्ग मला बरा वाटला. स्टिअरिंगच्या दांड्यात मध्येच बसवायचा गिअरचा डबाही मिळतो, पण त्याने थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, वाढतो आणि तो धरून ठेवायला चौकटीवर भक्कम आधार लागतो. ते नको होतं.

अशाच एका जलद रॅकच्या जाहिरातीत फोटो नीटनेटके होते. नवा काळा रंग, दांडीची टोकं झाकणारे नवे रबरी बूट, घरावर पंचने ठोकलेला 2.4 हा आकडा. विक्रेत्याशी फोनवर बोललो. माणूस गोड होता, आणि त्याला विषयाची जाण होती हे आजही मान्य करतो. तो म्हणाला, "अर्धे पैसे आत्ता द्या. रॅक हातात आला की पिनियन फिरवून स्वतः फेरे मोजा. 2.4 भरले तरच बाकीचे पाठवा." यावर कोण संशय घेईल? मीही घेतला नाही.

रॅक आला. तो व्हाइसमध्ये धरला, पिनियनच्या टोकाला चिकटपट्टीचा झेंडा लावला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला. दोन फेरे आणि वर थोडा अर्ध्याहून कमी. पुन्हा मोजलं, तेवढंच. "फेरे बरोबर आहेत, रॅक उत्तम आहे" असा संदेश पाठवला आणि बाकीचे पैसे चुकते केले. तो संदेश पुढे माझ्याच विरोधात पुरावा ठरला.

रॅक बसवला, टो-इन (पुढची चाकं किंचित आत वळलेली ठेवण्याचं माप) लावून घेतलं आणि गाडी बाहेर काढली. पहिल्या दिवशी मला आनंद झाला तो स्टिअरिंग हलकं आहे याचा. खरं तर धोक्याची पहिली घंटा तीच होती, पण मला ती ऐकू आली नाही. जलद रॅक म्हणजे कमी फिरवून जास्त काम. तेच काम कमी फिरवण्यात करायचं तर हाताला जोर जास्त लागणारच. 3.5 वरून 2.4 म्हणजे जोर जवळजवळ दीडपट लागायला हवा. माझं स्टिअरिंग पूर्वीइतकंच हलकं होतं. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, आत खास बेअरिंग घातलं आहे. मी विश्वास ठेवला.

हळूहळू बाकीच्या गोष्टी खटकायला लागल्या. वळणावर हात पूर्वीइतकेच फिरवावे लागत होते. मी मनाची समजूत घातली की सवय व्हायला वेळ लागेल. गल्लीतून मागे घेताना गाडी एका दमात वळेना, जिथे आधी सहज वळायची तिथे दोनदा पुढेमागे करावं लागू लागलं. त्याचं खापर मी टो-इनवर फोडलं आणि ते पुन्हा लावून घेतलं.

मग बंद मैदानावर शंकू मांडून सराव करायचा दिवस आला. तिसऱ्या शंकूनंतर मागचं टोक सुटलं. त्यात नवीन काही नव्हतं, आधीही सुटायचं आणि उलट स्टिअरिंग देऊन सावरता यायचं. या वेळी उलट दिलं आणि स्टिअरिंग मध्येच ठक् करून थांबलं. पुढे फिरेचना. गाडी पूर्ण गोल फिरली आणि शंकूंच्या रांगेवरून आडवी गेली. शंकू मांडणारा माझा मित्र मिनिटभरापूर्वी नेमक्या त्या रांगेत उभा होता. त्या क्षणी तो पाणी प्यायला बाजूला गेला होता, एवढंच.

घरी येऊन रबरी बुटांच्या क्लिपा सोडल्या. दोन्ही बाजूंना, रॅकच्या दांडीभोवती, काळ्या नायलॉनची एकेक चीर दिलेली कडी बसवलेली होती. व्हर्निअर लावलं. दोन्ही 22 मिलिमीटर लांबीच्या. त्या काढल्या आणि फेरे मोजले तर साडेतीन.

म्हणजे रॅक जुनाच, साध्या गाडीचा. त्यात बदल एकच, दांडी दोन्हीकडे आधीच अडेल अशी सोय. पूर्वी ती एकूण 140 मिलिमीटर सरकायची, आता 96. एका फेऱ्याला 40 मिलिमीटर हे प्रमाण जसंच्या तसं, म्हणून फेरे 2.4 भरले. मी मोजलेलं माप खरं होतं, पण ते चुकीच्या गोष्टीचं होतं. चाकं आता जेमतेम 26 अंशांपर्यंत वळत होती, आधी 39 च्या आसपास वळायची. गाडीला वळायला लागणारी जागा जवळजवळ दीडपट झाली होती आणि घसरताना सावरायला लागणारा शेवटचा हात कापला गेला होता. अशा कड्या लोक एरवी चाक चौकटीला घासू नये म्हणून बसवतात, त्यात गैर काही नाही. त्या लपवून वर 2.4 ठोकून विकणं हा मात्र माझ्या मते जिवाशी खेळ आहे, आणि माझा राग पैशांपेक्षा त्याबद्दल जास्त आहे.

खात्रीसाठी पिनियनही बाहेर काढलं. सहा तिरके दात, माझ्या मूळ रॅकच्या पिनियनइतकेच. दांडीवरच्या दोन दातांमधलं अंतर सुमारे 6.7 मिलिमीटर, गुणिले सहा, झाले 40. पिनियनला जास्त किंवा मोठे दात असल्याशिवाय, आणि त्याला जुळणारी दांडी असल्याशिवाय, एका फेऱ्यात दांडी जास्त सरकूच शकत नाही. हे मला माहीत होतं. फक्त मी ते वापरलं नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "मी 2.4 फेरे कबूल केले होते. तुम्ही मोजलेत, बरोबर म्हणालात." त्याने माझाच संदेश मला परत पाठवला. ज्या संकेतस्थळावरून व्यवहार झाला त्यांची तक्रारीची मुदत केव्हाच उलटून गेली होती. मी धरून बसलो तेव्हा त्याने तडजोड सुचवली. स्टिअरिंग आर्म (रॅकची ओढ चाकापर्यंत पोचवून ते वळवणारा पोलादी तुकडा) पाठवून द्या, तापवून वाकवून आखूड करून देतो, मग स्टिअरिंग खरंच जलद होईल. गणित म्हणून ते खोटं नाही, आर्म आखूड झाला की चाक लवकर वळतं. पण घडाई केलेलं, उष्णता देऊन कमावलेलं पोलाद भट्टीत लाल करून वाकवलं की त्याची मूळ ताकद राहत नाही. तो तुकडा तुटला तर पुढचं चाक हवं तिकडे जाईल. कुणीही अशी तडजोड सुचवली तर कृपा करून घेऊ नका, फुकटातही नाही.

पैसे गेले ते गेले. पुढचा रॅक घेताना मी विक्रेत्याकडे एकच गोष्ट मागितली, बूट काढलेल्या रॅकचा सलग व्हिडिओ. दांडीवर खडूची रेघ, शेजारी पट्टी, पिनियनला मोजून एक फेरा. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने दहा मिनिटांत पाठवला, रेघ 58 मिलिमीटर सरकली होती. टोकापासून टोकापर्यंतचा एकूण सरकाव किती हेही त्याने न विचारता सांगितलं, 140. तो रॅक आता गाडीत आहे. स्टिअरिंग जड झालंय, पार्किंगला खांदे भरून येतात, पण घट्ट वळणावर हात स्टिअरिंगवरून सोडावे लागत नाहीत.

ती जाहिरात मला गेल्या आठवड्यात पुन्हा दिसली, त्याच फोटोंसह. याचा अर्थ असे आणखी रॅक कुणाच्या तरी गाडीत असणार. तुमच्याकडे असा घेतलेला रॅक असेल आणि तो जलद असूनही हलका वाटत असेल, किंवा गाडी वळायला आधीपेक्षा जास्त जागा घेत असेल, तर ती पुढच्या वेळी बाहेर काढण्याआधी दोन्ही बूट मागे सारून दांडी बघा. कडी काळी आहे आणि ग्रीसमध्ये माखलेली असते, नुसत्या नजरेला दिसत नाही. बोट फिरवलं की चीर लागते.